लूम थांबले की बाळं उठतात

माझ्या लिहिण्यात चुका असतील, त्याची आधीच माफी मागते. ऱ्हस्व-दीर्घ मला चौथीतही जमलं नाही आणि चौथीनंतर आमच्या गावात शाळाच नव्हती. अक्षर वाकडंतिकडं आहे. साड्यांच्या गठ्ठ्यावर वही ठेवून लिहिते आणि गठ्ठा दबतो. ही वही कुणाला दाखवायची नाही, मग माफी कुणाची? माझ्या लेकीची, असं समजते. ती शिकली तर कधीतरी वाचेल.

खरं तर लिहायची सवय लावली दवाखान्यातल्या बाईंनी, एक वेगळी वही देऊन. लेकीनं रोज काय ऐकलं ते एका ओळीत लिहायचं. त्या वहीत मी लिहिते, आज दार. आज शिट्टी. आज काही नाही. ती वही त्यांच्यासाठी. त्या ओळीत जे मावलं नाही ते इथं लिहिते.

लेक माझ्या माहेरी झाली, धुळ्याकडे. तिसऱ्या महिन्यात तिला घेऊन मी सुरतेला आले. आमच्या खोलीची मागची भिंत आणि लूमच्या, म्हणजे कापड विणायच्या मागांच्या, कारखान्याची भिंत एकच आहे. रात्रंदिवस लूम चालतात. मांडणीवरची ताटं आपोआप थरथरतात. नवरा तिथंच बारा तासांच्या पाळीत काम करतो, आणि इतक्या वर्षांत त्याचेही कान जरा मंद झालेत. आमच्या गल्लीत सगळे ओरडूनच बोलतात. मला ओरडता येत नाही. लहानपणापासून माझा आवाज ओठांतच राहतो. लग्नानंतर सासूबाई म्हणायच्या, सून आणली का मांजर, चालतानाही वाजत नाही.

शेजारच्या वहिनीचा मुलगा माझ्या लेकीपेक्षा आठ दिवसांनी मोठा. तो रडून गल्ली डोक्यावर घ्यायचा. माझी लेक झोळीत टाकली की झोपायची. कुकर वाजो, भांडं पडो, बाहेर वरातीचा डीजे जावो. सासूबाई सगळ्यांना सांगायच्या, "मनी नात देवगुणी शे. लूमना आवाजमा बी निजस."

वहिनी हसायची. "लूमना मालकनी पोर शे वाटस! लूम चालू, तं ती बी खुश."

मलाही अभिमान वाटायचा. मी घरी साड्यांचे धागे कापायचं काम करते. भरतकामाच्या साडीला मागच्या बाजूला लोंबणारे धागे असतात, ते कात्रीनं साफ करायचे. लेक झोपली की माझ्या चार साड्या जास्त व्हायच्या. तिनं मान धरली, हसायला लागली, माझ्या तोंडाकडे टक लावून बघायची. ओठ हलले की तीही ओठ हलवायची. काय कमी होतं?

चौथा महिना होता. दुपारी वीज गेली. सगळे लूम एकदम बंद पडले.

आमच्या गल्लीतल्या बायांना एक गोष्ट माहीत असते, बाहेरच्यांना खोटी वाटेल. आमची बाळं आवाजानं उठत नाहीत. आवाज थांबला की उठतात. पोटात असल्यापासून तोच आवाज ऐकलेला, तो गेला की घाबरतात. वीज गेली की बाया हातातलं काम टाकून झोळीकडे धावतात. त्या दिवशीही तसंच झालं. वहिनीचा मुलगा किंचाळला. समोरच्या घरातलं बाळ रडायला लागलं. मीही सवयीनं उठले, झोळीची दोरी धरली.

लेक झोपलेली होती. ओठाच्या कडेला दुधाचा थेंब. गल्लीत सगळी बाळं रडत होती आणि माझी झोळी हलत नव्हती. वीज येईपर्यंत मी दोरी धरून उभी होते.

दुसऱ्या दिवशी सासूबाई भाजीला गेल्या तेव्हा मी स्टीलचं ताट तिच्या डोक्यामागे फरशीवर पाडलं. ती पंख्याकडे बघत होती. पंख्याकडेच बघत राहिली. पुन्हा पाडलं तर तिनं मान फिरवली. मला इतका आनंद झाला की मी तिचे पाय धरून रडले. मग लक्षात आलं, दुसऱ्या वेळी ताट जवळ पडलं होतं, फरशी हादरली असेल. तिसऱ्यांदा मी गोधडीवर बसून दोन डबे हवेतच एकमेकांवर आपटले. काही नाही.

महिनाभर मी कुणाला सांगितलं नाही. हे लिहिताना मला लाज वाटते. रोज एकटी असले की डबे वाजवायचे. एखाद्या दिवशी ती बघायची, तो दिवस बरा जायचा. बोललं म्हणजे खरं होईल असं वाटायचं. आणि बोलायची सवय तरी कुठं होती?

शेवटी नवऱ्याला सांगितलं. तो पाळीवरून आला होता, जेवत होता.

"अहो, तिले आयकू येस नही."

"काय?"

मी पुन्हा सांगितलं.

"काय म्हनस? मोठ्यानं बोल ना!"

तिसऱ्यांदा मी ओरडले. शेजारी भांडी घासायचा आवाज थांबला. नवऱ्याचा घास हातातच राहिला. सासूबाई उठल्या, लेकीच्या तोंडासमोर टाळ्या वाजवल्या. लेक खुदकन हसली.

"आयकस व माय! देख, हसनी! काहीबी बोलस ही."

"आई, ती तुमचे हात बघून हसली. मागून वाजवा."

सासूबाईंनी मागून वाजवल्या. लेक वळली नाही.

लस देणाऱ्या सिस्टरनं चिठ्ठी दिली, मोठ्या सरकारी दवाखान्यात गेलो. तिथं बाळाला झोपवून डोक्याला तारा लावतात आणि कानात आवाज सोडतात. जी पोर डीजेत झोपायची ती त्या शांत खोलीत झोपेना. दोन फेऱ्या वाया गेल्या. तिसऱ्या वेळी झोपली. मी कोपऱ्यात बसून मशीनवरच्या रेघा बघत होते. मला त्यातलं काही कळत नव्हतं, तरी रेघ उंच व्हावी म्हणून देवाला हात जोडत होते.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "दोनों कानों से बहुत कम सुनती है. मशीन लगेगी, और जल्दी लगनी चाहिए. साल के अंदर सुनना शुरू नहीं किया तो बोलना मुश्किल होता जाएगा. आप बच्ची से बात करती हो?"

मी लेकीचं झबलं नीट करायला लागले.

"मैं पूछ रही हूँ, बात करती हो?"

"कम," मी म्हटलं.

"अब बहुत करनी पड़ेगी."

लेकीला सहावा लागला होता. मी बोटं मोजली. कानात घालायच्या सरकारी मशीनसाठी नाव लिहिलं, पण नंबर कधी लागेल ते कुणी सांगेना. बाहेरून घ्यायची तर नवऱ्याची शिल्लक आणि कारखान्यातली उचल धरूनही पंधरा हजार कमी पडत होते. सासूबाई म्हणाल्या, "कानमा डबी घालीसन फिरी तं उद्या तिले बायको कोन करी? थांबा जरासं. काही पोरं उशिरा आयकतंस." नवरा दोघींच्या मधे मान खाली घालून बसला.

ज्या गुजराती बेन आम्हाला साड्यांचे गठ्ठे देतात त्यांच्या दारात मी लेकीला कडेवर घेऊन गेले. चार वर्षांत मी त्यांच्याशी हो आणि नाही याशिवाय बोलले नव्हते. मी पायरीवर उभी राहून सांगितलं.

बेन म्हणाल्या, "जोरथी बोल. संभळातुं नथी."

त्यांना ऐकू येत नव्हतं. नवऱ्याला येत नव्हतं. लेकीला येत नव्हतं. मला स्वतःचाच राग आला आणि मी ओरडले, "पोरीला मशीन घ्यायचीय! पंधरा हजार पाहिजेत! मजुरीतून कापा!"

"पंदर हजार? आटला बधा?" बेननी लेकीच्या कानामागे चुटकी वाजवली. एकदा, दोनदा. लेक माझं गळ्यातलं तोंडात घालून चोखत होती. बेननी चष्मा काढून पुसला. "भागी तो नहीं जाय ने, गामडे?"

"नाही जाणार गावाला पळून."

सातव्या महिन्यात मशीन लागली. मला वाटलं होतं, लावली की वळून बघेल. ती रडली, ओढून काढली, तोंडात घातली. दवाखान्यात मशीन लावणाऱ्या बाईंनी ती एका ओळीची वही दिली आणि म्हणाल्या, घाई करायची नाही, दिवसभर बोलायचं, जे हातानं करता ते तोंडानं सांगायचं. आणि लूमजवळ उपयोग नाही, गोंगाटात मशीनलाही बोलणं सापडत नाही.

घरात तर सगळा गोंगाटच. म्हणून मी गठ्ठा आणि लेक घेऊन गल्लीच्या टोकाला महादेवाच्या ओट्यावर बसायला लागले. तिथं म्हातारे पत्ते खेळतात. मी त्यांच्याकडे पाठ करायची आणि बोलायची. ही लाल साडी. हा धागा. कट. हा हिरवा धागा. कट. कानशिलं तापायची. म्हातारे आधी थांबून बघायचे, मग सरावले. एक बाबा रोज विचारायचे, "काय व माय, आज कोन्ता कलर?"

सासूबाईंनी लेकीला टोपडं घालायला सुरुवात केली. उन्हाळा भाजत होता तरी टोपडं, कान झाकलेले. पण मशीनवर कापड दाबलं गेलं की ती शिट्टी मारते. गल्लीतून जाताना टोपड्यातून कूऽऽ निघायचं. वहिनी म्हणाली, "मावशी, पोरना टोपडामा कुकर ठेयेल शे का?" सगळ्या हसल्या. सासूबाईंनी तिथंच टोपडं काढून कमरेला खोचलं. पुन्हा घातलं नाही.

दहा दिवस काही नाही. बारा दिवस काही नाही. वहीत मी तेच लिहीत होते. तेराव्या दिवशी कुणीतरी देवळात घंटा वाजवली आणि लेकीची तोंडातली बोटं थांबली. डोळे वर गेले.

सावली पडली असेल, असं मला वाटलं. डब्यांनी मला फसवलं होतं. घंटेच्या जवळ पत्तेवाले बाबा होते. परक्या पुरुषाशी मी आयुष्यात आपणहून बोलले नव्हते. म्हटलं, "बाबा, तिला दिसणार नाही अशी घंटा वाजवा ना."

बाबा उठले. घंटा वाजली. बोटं थांबली.

"परत."

वाजली. थांबली.

"परत, बाबा."

"मना हुकूम गया व माय," बाबा म्हणाले, "पन वाजाडस."

त्या दिवशी वहीत मी 'घंटा' लिहिलं, आणि चुकीचं लिहिलं की काय म्हणून दोनदा खोडून पुन्हा लिहिलं.

तरी बोलण्याची खात्री कुणी देत नव्हतं. आठवा गेला, नववा गेला. ती बसायला लागली, रांगायला लागली, गठ्ठ्यावर चढायला लागली. वहिनीचा मुलगा मामा, पापा म्हणायचा. तो बोलला की मी आत जायचे. माझं बोलणं चालूच होतं. घसा बसायचा, गूळ खायची, पुन्हा बोलायची. दिवसाला चाळीस साड्या आणि चाळीस साड्यांची बडबड. बेन दर गठ्ठ्याला येऊन त्यांच्या हिशेबाच्या वहीत आकडा कमी करायच्या. पंधराचे दहा झाले, दहाचे चार.

लेकीला वर्ष पूर्ण व्हायला आठ दिवस राहिले होते. संध्याकाळी मी खोलीतच होते, मागे लूम धडधडत होते. लेक जमिनीवर बसून माझ्या रिकाम्या रिळाशी खेळत होती, मशीन कानात होती. बेन दारात उभ्या राहून हिशेब मोठ्यानं वाचत होत्या. वीज गेली.

लेकीचे हात थांबले. तिनं मागच्या भिंतीकडे बघितलं. मग माझ्याकडे. खालचा ओठ बाहेर आला, थरथरला, आणि तिनं भोकाड पसरलं. भिंतीपलीकडून वहिनीचा मुलगा रडायला लागला. समोरचं बाळही. सगळी एकदम.

सासूबाई मोरीतून ओल्या हातांनी धावत आल्या. "रडनी! रडनी व माय!"

मी तिला उचललं. कानाशी तोंड नेऊन म्हटलं, लूम बंद पडले, बाळा, येतील परत. ती हुंदके देत माझ्या ओठांवर बोट ठेवून "ट, ट" करत होती. कट मधला ट असेल, नाहीतर नुसताच आवाज. मला माहीत नाही. मशीनवाल्या बाईंना विचारेन.

बेन गोंधळून बघत होत्या. "छोकरी रडे छे ने तमे हसो छो?"

त्यांना समजावून सांगायला मला वेळ लागला, पण सांगितलं, आणि एकदाही त्यांनी जोरात बोल म्हटलं नाही. मग त्यांनी उरलेल्या उजेडात शेवटचा गठ्ठा मोजला, माझ्या नावावर आडवी रेघ मारली आणि वही माझ्यापुढे धरली. पंधरा हजार पूर्ण फिटले होते.