बारा मीटर, बिनजोडाची

वायर घ्यायला आलेला माणूस आधी भाव विचारतो. अण्णांनी आधी चाकू काढला. पेणच्या माझ्या दुकानात ते पहिल्यांदा आले तेव्हा मी स्पीकरच्या वायरची पाच बंडलं काउंटरवर मांडली होती. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, मला न विचारता प्रत्येक बंडलाचं टोक इंचभर सोललं आणि आतली तार पात्याने खरवडली. तीन बंडलांत तांब्याच्या मुलाम्याखालून पांढरं ॲल्युमिनियम निघालं. मी ती वायर शुद्ध तांब्याची म्हणून विकत होतो, आणि खरं सांगायचं तर मलाही ते माहीत नव्हतं. अण्णांनी चाकू मिटला. "सोलल्याबिगर वायर आन् नांदल्याबिगर माणूस कळत नाय," ते म्हणाले. मला राग आला होता, पण उरलेली दोन बंडलं मी मुकाट्याने पुढे सरकवली.

अण्णा ठाकूर धाटावच्या एका केमिकल कंपनीत इन्स्ट्रुमेंट फिटर होते. टाकीवरच्या मीटरचा आकडा कंट्रोल रूमपर्यंत नेणारी वायर सांभाळायची, हे त्यांचं काम. वायर खोटं बोलली तर तिथे माणसं जिवानिशी जातात, असं ते सांगायचे. निवृत्त होऊन रोह्याच्या घरी बसले तरी ही शिस्त सुटली नाही. कपडे वाळत घालायच्या दोरीलाही मधे गाठ असलेली त्यांना खपत नसे. कुसुमकाकू, त्यांची बायको, म्हणायच्या, "लग्नगाठ तेवढी कशी खपली या माणसाला, देव जाणे."

एवढी खटपट चालली होती ती याच काकूंसाठी. साखरेच्या आजाराने काकूंची नजर दोन वर्षांपूर्वी पूर्ण गेली होती. त्याआधी नवराबायको रविवार चुकवत नसत, दुपारची भांडी आवरली की सिनेमा. नजर गेल्यावरही अण्णांनी तो परिपाठ चालू ठेवला, पण टीव्हीच्या एका खोक्यातून सगळ्यांचे आवाज एकाच जागेवरून यायचे. कोण कुठे उभं आहे, कोण आलं, कोण गेलं, काकूंना काही उमगायचं नाही. एका रविवारी त्या मधेच उठल्या. "तुम्ही बघा. मला नुसता कालवा ऐकू येतो," म्हणाल्या आणि भिंत चाचपत आत गेल्या. त्यानंतर त्या सिनेमाला बसेनात. अण्णांनी त्याच आठवड्यात ठरवलं, हिला पुन्हा सिनेमात बसवायची. डोळे परत येणार नाहीत, पण प्रत्येक आवाज आपापल्या जागेवर तर मांडता येईल. समोर तीन स्पीकर, मागे दोन आणि घुमणाऱ्या आवाजाचा एक डबा.

पुण्याहून मुलाने, नितीनने, वायर पाठवली होती. बोटाएवढी जाड, टोकांना सोनेरी पिना. अण्णांनी तीही सोलली. आत बेताचीच तार होती. "पांघरूण जाड, माणूस बारीक," म्हणून त्यांनी ती बाजूला ठेवली. त्यांचा हिशोब सरळ होता. समोरच्या स्पीकरना वायर जवळून जाते, तिथे दीड चौरस मिलिमीटरची पुरे. मागच्यांना सगळ्या खोलीला वळसा घालून जायचं, तिथे अडीचची जाड हवी. तार तांब्याचीच, आणि एका कडेला लाल रेघ हवी, म्हणजे जोडताना उलटसुलट होत नाही. त्यांनी सुतळीने सगळ्या भिंती मोजल्या होत्या, दाराच्या चौकटीवरून, कपाटामागून. काकूंच्या खुर्चीच्या चार पायांच्या जागा फरशीवर ऑइलपेंटने आखल्या होत्या. खुर्ची वीतभर जरी हलली तरी सगळं बिनसेल, असं त्यांचं म्हणणं.

वायर टाकायला मी रोह्याला गेलो. उजवीकडच्या मागच्या स्पीकरला त्यांनी बारा मीटर सांगितली होती. मला वाटलं, म्हातारा उगाच चौकटीवरून फिरवतोय. मी माझ्या अंदाजाने दुकानातच तुकडा कापून नेला होता. तो दोन हात कमी पडला. पेणला परत जायचा कंटाळा आला. मी दुसरा तुकडा पिळून जोडला, टेप गुंडाळली आणि तो जोड कपाटामागे वायर झाकायच्या पट्टीत दडवला. घरांच्या वायरिंगमध्ये असे दहा जोड आम्ही जेवणाच्या आधी मारतो. अण्णा आतून चहा घेऊन आले आणि त्यांनी एकच प्रश्न विचारला, "मधी जोड नाय ना?"

"नाय, अण्णा," मी म्हणालो.

त्या दुपारी काकू खुर्चीत बसल्या. सिनेमात कुणीतरी दार उघडून आत आलं आणि काकूंनी उजवीकडे मान वळवली. "हा मागनं आला," त्या म्हणाल्या. अण्णा पडद्याकडे बघतच नव्हते, ते काकूंकडे बघत होते. मीही खूश होऊन गाडीला किक मारली. जोड माझ्या डोक्यातून गेलाही होता.

पावसाळ्यात भिंतींना ओल आली आणि तो जोड काळा पडला. सिनेमा चालू असताना मागून उजवीकडे खरखर यायची. काकूंना वाटे, कुणी पाय घासत मागे येऊन उभं राहिलंय. त्या दचकून विचारायच्या, "कोण आलं?" घरात कुणी नसायचं. दोन रविवार त्यांनी सोसलं, मग बसायचंच बंद केलं. खुर्चीची भीती वाटते म्हणाल्या. अण्णांनी उजवा स्पीकर डावीकडे लावून पाहिला, स्पीकर चालवणारं मशीन उघडून पाहिलं, प्रत्येक टोक पुन्हा सोलून बसवलं. आठ दिवस चाललं होतं हे. माझ्या शब्दावर भरवसा ठेवून त्यांनी मधली वायर सोडून सगळं तपासलं. शेवटी मला फोन केला, तोही तक्रार म्हणून नाही, सल्ला विचारायला.

मी गेलो तेव्हा सत्तरीचा तो माणूस तोंडात बॅटरी धरून स्पीकरपाशी गुडघ्यावर बसला होता. मला ते बघवलं नाही. मी सांगून टाकलं. अण्णांनी तोंडातली बॅटरी काढून विझवली. मग म्हणाले, "जोड मारलास याचा राग नाय. कंपनीत पन मारावा लागतो. पन तिथं त्याला चिठ्ठी बांधतात, जोड हाय म्हनून. तू दडवलास." मग काकूंच्या खोलीकडे बघत म्हणाले, "डोळसाला फसवलंस तर तो बघून घेईल. हिनं काय करायचं? मला नको सांगू. जा, तिला सांग."

काकू आत तांदूळ निवडत होत्या, हातानेच. मी त्यांच्यापुढे बसून सगळं सांगितलं. मला ओरडा खायची तयारी होती. काकूंनी सूप खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "बरं झालं बाबा, वायरच हाय. मला वाटलं, आता कानही चालले." ते ऐकून मला जेवढी लाज वाटली तेवढी आयुष्यात कधी वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी मी बारा मीटर अखंड वायर घेऊन गेलो. टाकण्याआधी अण्णांनी ती या टोकापासून त्या टोकापर्यंत बोटांतून ओढून पाहिली. मग काकूंना हाक मारली, "गो, तू पन बघ." काकूंनी खुर्चीत बसून सगळी वायर हळूहळू हातांतून सोडली. कुठेही थांबल्या नाहीत. शेवटचं टोक माझ्या हातात देत म्हणाल्या, "व्हय, एकच हाय." पुढच्या रविवारी त्या परत सिनेमाला बसल्या, आणि नंतर रविवार चुकला नाही. शेजारच्या बायका यायच्या, तर पडद्यावर दिसायच्या आधी काकूच त्यांना सांगायच्या, कोण कुठून येतंय ते.

अण्णा गेल्या वर्षी गेले. हृदयाचं दुखणं होतं, फार त्रास न होता गेले. त्यांनी मला धंदा शिकवला असं म्हणणं कमी होईल. नितीन भला मुलगा. आईला पुण्याला नेऊन सगळं तिथेच बसवून द्यायचं त्याने ठरवलं आणि स्पीकर-वायर उतरवायला मला रोह्याला पाठवलं.

मी हत्यारांची पेटी घेऊन गेलो तेव्हा काकू खुर्चीतच होत्या, हात खुर्चीच्या हातांवर घट्ट. "नितीन चांगला हाय," त्या म्हणाल्या. "पन त्याच्या घरात भिंत कुठं हाय तेच मला कळत नाय. या खोलीत मला दिसतं. मी कुठंबी जानार नाय." एवढं बोलून त्यांनी सिनेमा लावायला सांगितला. मी लावला. मागून कुणीतरी चालत आलं, त्यांच्या डावीकडून पुढे गेलं, आणि काकूंची मान त्याच्याबरोबर शांतपणे वळत गेली.

तेवढ्यात नितीनचा फोन आला. "मंगेशदादा, काम कुठवर आलं? वायर निघते ना, की भिंतीत अडकून बसलीय?"

अडकलीय म्हणालो असतो तर विषय तिथेच संपला असता.

"निघते," मी म्हणालो. "पण मी काढणार नाही."