त्यांचं इंग्रजी

"मी रागावलो नाय. सांगतोय."

हे म्हणताना त्यांचे दोन्ही कान लाल झालेले असत. डोकं उजवीकडे कलतं करून ते तळहाताने कानावर दोन थापा मारत, आत राहिलेलं पाणी काढायला, आणि मग समोरच्यावर तुटून पडत. त्या दिवशी पाण्यात उतरले नसले तरी थापा मारत. त्या ऐकू आल्या की ऑफिसातले आम्ही सगळे आपापल्या फायलींत डोकं घालायचो.

तुमच्याही कामाच्या ठिकाणी असं एखादं माणूस असेल. त्याच्या रागाची सगळे नक्कल करतात, पण त्याच्यावाचून काम अडतं. आमच्याकडचे हे. नाव सांगत नाही. सांगायचा हक्क मी घालवलेला आहे. ऑफिसात त्यांना सगळे नाखवा म्हणत.

आमची पनवेलची कंपनी लहान होती. बंदरातले धक्के आणि खाडीवरचे पूल यांचे पाण्याखालचे खांब तपासून द्यायचे, एवढंच काम. नाखवा पाणबुडे होते, गव्हाणच्या मासेमारी करणाऱ्या घरातले, वय पंचेचाळीसच्या आसपास. सहा वर्षं आखातात समुद्रातल्या पाइपलाइनवर काम करून आले होते. मी इंजिनिअर नव्हतो. अहवाल इंग्रजीत लिहून टाइप करायला मला ठेवलं होतं. ते खाली जाऊन यायचे, टॉवेल गुंडाळून माझ्या टेबलासमोर बसायचे आणि सांगायचे: खांब क्रमांक चौदा, भोक हाय, हात जातो कोपरापातुर. मी ते इंग्रजीत उतरवायचो. नवीन माणूस आला की माझ्याकडे बोट दाखवून सांगायचे, "हे माझं इंग्रजी."

मला त्याचा अभिमान वाटायचा.

कागदावर खोटं लिहिलेलं त्यांना खपत नसे. एकदा एका पोरगेल्या इंजिनिअरने पाण्यात कुणीही न उतरता तीन खांब ठीक असल्याचं लिहून टाकलं. नाखव्यांनी त्याला होडीत बसवून त्या खांबांपाशी नेलं आणि म्हणाले, आता उतर आणि हात लावून सांग ठीक हाय का. त्याला पोहता येत नव्हतं. दोन तास त्यांनी त्याला तिथेच उन्हात बसवून ठेवलं. परतल्यावर तो साहेबांकडे तक्रार करायला गेला, तर हे त्याच्या मागोमाग आत. वरून हवा पुरवणाऱ्या कॉम्प्रेसरमध्ये एकदा डिझेलचा धूर शिरत होता. सुपरवायझर म्हणाला, थोडासाच तर येतोय. नाखव्यांनी नळी त्याच्या तोंडात कोंबली आणि पाच मिनिटं काढू दिली नाही. मग कानावर दोन थापा आणि तेच वाक्य. आम्ही आठवडाभर हसत होतो.

विनय आमच्याच कंपनीत इंजिनिअर होता आणि अनिल पनवेलच्या एका बँकेत. आम्ही तिघं कॉलेजपासूनचे मित्र. नव्वदीच्या दशकाच्या मध्यावर कधीतरी विनयने एक परदेशी मासिक आणलं. त्यात लाटांवर फळी घेऊन उभी असलेली माणसं होती आणि पाठीला टाकी लावून रंगीत माशांतून फिरणारी माणसं होती. आपण जायचं, असं त्याने ठरवूनच टाकलं. आधी थायलंडला स्कूबा शिकायचं, मग बालीला सर्फिंग, येताना श्रीलंका. अठरा दिवस. आमच्यापैकी एकालाही धड पोहता येत नव्हतं.

नाखव्यांनी शिकवलं. रविवारी भरतीच्या वेळी गव्हाणला जायचं आणि खाडीत त्यांच्या शिव्या खायच्या. आमचे पाय कसे हलतात हे ते गावातल्या बायकांना करून दाखवत, त्या तोंडाला पदर लावून हसत. चार महिन्यांनी आम्ही तरंगायला लागलो. मग मीच म्हटलं, नाखवा, तुम्हीही चला. विनयने लगेच उचलून धरलं. ते असले की पाण्याची भीती नाही, असं तो आमच्यात म्हणाला. तेव्हाच मला कळायला हवं होतं की आम्ही मित्र नेत नव्हतो, राखण नेत होतो. ते मात्र खुलले. आपला खर्च आपण करणार, या अटीवर यायला तयार झाले. इतकी वर्षं पाण्यात गेली, पण सगळी गढूळ पाण्यात, हाताने चाचपून. एकदा स्वच्छ पाण्यात डोळ्यांनी बघायचंय, असं म्हणाले.

थायलंडच्या त्या बेटावर त्यांना पाण्यात उतरू दिलं नाही.

डायव्हिंगच्या दुकानाचा मालक उंच, उन्हाने रापलेला एक युरोपियन होता. त्याने डायव्हिंग शिकल्याचं कार्ड मागितलं. नाखव्यांनी प्लास्टिकच्या पिशवीतून आपली नोंदवही काढली. वीस वर्षांतली प्रत्येक बुडी त्यात होती, खोली, वेळ, सुपरवायझरची सही. मालकाने चार पानं चाळली आणि वही परत सरकवली. हे चालत नाही, म्हणाला, आमचं चार दिवसांचं शिक्षण घ्या. त्याची लेखी परीक्षा इंग्रजीत होती. मी म्हणालो, मी वाचून दाखवीन. मालक नाही म्हणाला, आणि मी पुन्हा विचारलं नाही.

चार दिवसांत आम्हा तिघांना टाकी लावून खाली जाता येऊ लागलं. पाचव्या दिवशी होडी प्रवाळ बघायला लांब निघाली. नाखवा बरोबर आले, प्रवासी म्हणून. नारिंगी जाकीट घालून बाकावर बसले होते. कुणाकडे बघत नव्हते.

खाली शिकवणाऱ्याचं लक्ष फोटो काढण्यात होतं. अनिलच्या टाकीतली हवा संपत आली हे ना शिकवणाऱ्याला कळलं, ना आम्हाला. अनिल घाबरून सुसाट वर गेला. होडीपासून बराच लांब निघाला, प्रवाहात. चेहऱ्यावरचा चष्मा निघालेला, नाकातोंडात पाणी जातंय, आणि खाली जाण्यासाठी कमरेला बांधलेला शिशाचा पट्टा तसाच. होडीवरची माणसं दुसऱ्या बाजूला एका बाईला वर घेत होती. नाखव्यांनी बघितलं. जाकीट काढून फेकलं आणि उडी मारली. आधी पट्टा सोडवून टाकला, मग अनिलची मान आपल्या खांद्यावर घेऊन त्याला ओढत आणलं. मी वर आलो तेव्हा ते होडीच्या शिडीला एका हाताने लटकले होते आणि दुसऱ्या हाताने अनिलला वर ढकलत त्याला शिव्या देत होते. अनिल ओकत होता, रडत होता. जिवंत होता.

संध्याकाळी मालकाने आम्हाला दुकानात बोलावलं. अपघाताची लेखी नोंद लागते, म्हणाला, आणि मजकूर त्यानेच सांगितला. एक प्रवासी सूचना डावलून पाण्यात उडी मारतो, त्यामुळे वर येणारा डायव्हर घाबरतो आणि गोंधळ होतो. शिकवणाऱ्याची काही चूक नाही. खाली चौघांच्या सह्या. सह्या केल्या तर आमची कार्डं तयार होती. नाहीतर कार्डं नाहीत, आणि पोलिसांत जबाब होईपर्यंत बेट सोडायचं नाही. बालीचं विमान दुसऱ्या दिवशीचं होतं.

विनय मला मराठीत म्हणाला, "कागदच आहे रे. त्यांना काय कळणार आहे?"

अनिल खुर्चीत अंग टाकून बसला होता. ज्याला ओढून आणलं होतं तो हाच. तो म्हणाला, लवकर आटपा.

आणि मी लिहिलं. माझ्या सुवाच्य अक्षरात, कार्बन घालून. नाखवा दुकानाबाहेर पायरीवर बसले होते. त्यांना आत बोलावलं. त्यांनी कागदाकडे पाहिलं आणि काय लिवलंय, असं विचारलं. मी सांगितलं की अनिल पाण्यात होता आणि तुम्ही उडी मारलीत, ते लिहिलंय. यातला एकही शब्द खोटा नव्हता. मी इतका हुशार होतो.

"मी वाचवला असं लिवलंय ना? एक कॉपी द्या मला. पोरीला दाखवीन."

त्यांनी मराठीत, अक्षर अक्षर लावून, पूर्ण नाव लिहून सही केली. मी कॉपी दिली. त्यांनी ती घडी घालून नोंदवहीत ठेवली.

पुढचे दिवस ते आनंदात होते, आणि हेच मला आजही सहन होत नाही. बालीला आम्ही तिघं फळीवरून धडाधड पडत होतो. हे तिसऱ्याच लाटेला उभे राहिले, गुडघे वाकवून, होडीच्या नाळेवर उभं राहावं तसे, आणि थेट वाळूपर्यंत आले. किनाऱ्यावरच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. ते फळी डोक्यावर घेऊन पुन्हा आत पळाले. पंचेचाळिशीचा तो माणूस दिवसभर पाण्याबाहेर आला नाही. श्रीलंकेत एक अख्खी दुपार ते कोळ्यांबरोबर जाळं विणत बसले. भाषा एकाची दुसऱ्याला येत नव्हती. गाठ कशी मारायची यावरून भांडण मात्र रंगलं होतं. अठरा दिवसांत कानावर थापा त्यांनी क्वचितच मारल्या.

पनवेलला परतल्यावर पुढच्या रविवारी त्यांनी घरी जेवण ठेवलं. भाऊ, व्याही, शेजारी, सगळे. आम्हालाही बोलावलं होतं, आम्ही काहीतरी कारण सांगून गेलो नाही. तिथे काय झालं ते मला त्यांच्या मुलीकडून नंतर कळलं. ती पनवेलच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती. जेवणं झाल्यावर त्यांनी तिला कागद दिला आणि सगळ्यांना वाचून दाखव, मराठीत, असं सांगितलं. ती अर्ध्यावर थांबली. ते म्हणाले, वाच. तिने सगळं वाचलं.

सोमवारी सकाळी ते ऑफिसात आले. कान लाल नव्हते. कागद माझ्या टेबलावर ठेवला.

"वाचा. मोठ्यानं. मराठीत."

सगळं ऑफिस ऐकत होतं. मी वाचलं. एक प्रवासी सूचना डावलून. त्यामुळे वर येणारा डायव्हर. त्यांनी मला एकही ओळ गाळू दिली नाही. खालच्या चार सह्याही नावानिशी वाचायला लावल्या. शेवटची त्यांची होती.

"ह्ये खरं हाय?"

मी नाही म्हणालो.

विनय त्याच्या टेबलावरून म्हणाला, "नाखवा, एवढं काय त्यात? तिकडचा कागद तिकडेच राहणार."

त्यांनी त्याच्याकडे मान वळवली नाही. माझ्याकडेच बघत होते. "त्यो दुकानवाला म्हणाला पाण्यात जाऊ नका, मी गप बसलो. त्यो परका. तुमी माझ्याच हातानं माझ्यावर लिवून घेतलंत. माझ्या पोरीच्या तोंडानं सगळ्यांना ऐकवलंत." मग आवाज आणखी खाली गेला. "मी इतकी वर्सं खाली गेलो, काय दिसलं त्ये तुमाला सांगितलं. त्ये तरी तसंच लिवलंत काय?"

मी सांगितलं की ते सगळं तसंच लिहिलंय. त्यांचा विश्वास बसला नाही. का बसावा? त्या महिन्याअखेर त्यांनी काम सोडलं.

विनय म्हणायचा, फारच मनाला लावून घेतलं बुवा त्यांनी. हे तो वर्षभर म्हणत राहिला, आणि प्रत्येक वेळी मला त्याच्या थोबाडीत मारावंसं वाटे. मारली कधीच नाही. अनिल तर आजही पार्ट्यांत तो किस्सा सांगतो. त्याच्या किश्श्यात तो स्वतःच पोहत होडीपर्यंत येतो. एकदा मी सगळ्यांसमोर म्हटलं, खोटं बोलतोस. त्याच्या बायकोने विषय बदलला. त्यानंतर आम्ही एकमेकांकडे जात नाही. माझा त्या दोघांवर राग आहे, पण कागदावरचं अक्षर माझं आहे, आणि हे मला कुणावर ढकलता येत नाही.

त्यांनी काम सोडल्यावर दोन महिन्यांनी मी त्या दुकानाला पत्र लिहिलं. घडलं ते सगळं, शिकवणाऱ्याचं फोटो काढणं, मालकाचा मजकूर, माझी लबाडी. एक प्रत मराठीत केली आणि ती घेऊन गव्हाणला गेलो. मुलगी दारात आली. कागद घेऊन आत गेली. आतून तिच्या वाचण्याचा आवाज येत होता, मध्ये एकदा त्यांनी तिला एक वाक्य पुन्हा वाचायला लावलं. मी अंगणात उभा. कुणी बस म्हणालं नाही.

ती बाहेर आली. "बाबा म्हणतात, पत्र बरोबर आहे. पाठवा."

मी भेटू का, असं विचारलं.

"नाही म्हणाले."

पत्र पाठवलं. दुकानाकडून उत्तर आलं नाही.

त्यानंतर ते मला एकदाच दिसले, तीन-चार वर्षांनी, उरणकडच्या एका धक्क्यावर. दुसऱ्या कुणाच्या तरी कंपनीचं काम होतं. केस पिकले होते. कडेला बसून ते पट्टा आवळत होते. मी जवळ जाऊन हाक मारली. त्यांनी वर पाहिलं, ओळखलं. मला वाटलं, आता शिव्या देतील. निदान तेवढं तरी देतील. त्यांनी चष्मा डोळ्यांवर ओढला, नळी तोंडात धरली आणि उतरले.

पाणी चहासारखं गढूळ होतं. पृष्ठभागावर बुडबुडे येत होते आणि एका खांबाकडून दुसऱ्या खांबाकडे सावकाश सरकत होते. वर टेबल मांडून एक तरुण माणूस वही उघडून बसला होता, ते वर येऊन काय सांगतील ते लिहून घ्यायला. तो मला म्हणाला, कामाच्या जागेत उभं राहू नका. मी बाजूला झालो.