शाळेतली तारीख

मालगुंडच्या भिकाजी शितपांनी आयुष्यात एकदाच थाप मारली, आणि ती इतकी चोख बसली की पुढे पंचवीसेक वर्षं कुणाला खुपली नाही.

त्यांचा धाकटा लेक विनीत थोरल्या बहिणीच्या, शमिकाच्या मागे रडत शाळेपर्यंत जायचा. घरी त्याला बघणार कोण? भिकाजी आंब्याच्या कलमांच्या बागेत, बायको येसूबाई लावणीच्या चिखलात. मास्तरांनी वय विचारलं तेव्हा भिकाजींनी पोराला वर्षाने मोठं केलं. मास्तरांनीही एक जून लिहून टाकलं. आमचं निम्मं गाव एक जूनलाच जन्मलंय. त्या दिवशी सगळ्यांना केक आणायचा म्हटलं तर बेकरी पुरायची नाही.

शमिका लग्न होऊन मेलबर्नला गेली. विनीत तिच्याकडे राहून शिकला, नोकरीला लागला. भावंडं एका छपराखाली, म्हणून येसूबाई निर्धास्त होती. पण तिथे कायम राहायचं तर गुण लागतात: शिक्षणाचे, इंग्रजीचे, वयाचे. तेहतीस पुरी झाली की वयाचे पाच गुण जातात. विनीत खरा बत्तीसचा, कागदावर तेहतीसचा. त्या पाचांत गाडं अडलं.

उपाय होता. शहर सोडून आडगावी राहायला जा, सरकार वरचे गुण देतं. आपल्याकडे नोकरदाराला मंडणगडसारख्या आडबाजूला धाडलं की तो तोंड पाडतो. तिकडे त्याचं बक्षीस! मला हसू आलं. भिकाजींना नाही आलं.

विनीतने ताईचं घर सोडून तसं जायचं ठरवलं आणि फोनवर सगळं नीट समजावलं. दोष दिला नाही, हीच पंचाईत. भांडला असता तर बापाला उत्तर तरी देता आलं असतं. भिकाजींनी एवढंच विचारलं, "समुद्र हाय काय तिकडे?"

"नाही बाबा. गहू आहे. नजर जाईल तिथवर गहूच."

"बरं."

तेव्हापासून माणूस बधिर झालाय. बागेत जातात, जेवतात, हाक मारली तर ओ देतात. येसूबाईने रागावून पाहिलं, रडून पाहिलं.

"अवो, तुमी काय मुद्दाम केलात?"

"नाय," म्हणाले, जणू दुसऱ्याच कुणाबद्दल विचारलं होतं. शेजारी म्हणून मला त्यांचा राग येतो, आणि मग वाईटही वाटतं.

परवा नारळी पौर्णिमा झाली. विनीत त्याच दिवशी जन्मलेला, आणि घरात वाढदिवस तिथीनेच होतो. येसूबाईने नारळीभात केला, पाटावर फोन उभा करून लेकाला ओवाळलं. पडद्यावर तो एकटाच, मागे पांढरी भिंत. "ताई येणार होती, पण लांब पडतं," म्हणाला. येसूबाईने नवऱ्याला पुढे ढकललं.

भिकाजींनी पाटावरचा फोन उचलून जवळ धरला.

"विनू, आज तुला तेहतीस पुरी झाली."

"हो बाबा."

"कालपर्यंत बत्तीसच होतास."

भिकाजींनी फोन बायकोच्या हातात दिला, पानावर बसले आणि वाढलेला नारळीभात खाली मान घालून सगळा संपवला.