पांढऱ्या धाग्याची करडं

जनावरांच्या डॉक्टरशी लग्न केलं की घरात दोन गोष्टी साठतात, रिकाम्या बाटल्या आणि किस्से. बाटल्या निदान भंगारवाला तरी नेतो. तेव्हा आम्ही चिटगुप्प्याजवळच्या एका खेड्यात होतो आणि हे करडांच्या पोटातल्या जंतांवर नवं औषध तपासत होते.

*

माझ्या लग्नात आलेल्या स्टीलच्या डब्या ह्यांनी पहिल्याच आठवड्यात मागून नेल्या. तपासणीच्या लेंड्या ठेवायला. संध्याकाळी म्हणाले, "तुझ्या मामांची निवड चांगली आहे. झाकणं घट्ट बसतात."

*

एकदा मला मायक्रोस्कोपपाशी बोलावलं. "बघ, किती सुंदर!"

जंतांची अंडी होती. लग्नानंतर हा शब्द मी ह्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला.

*

गावातल्या करडांच्या गळ्यात धागे बांधले. लाल धाग्याच्यांना औषध, पांढऱ्या धाग्याच्यांना नुसतं पाणी. फरक कळायला. पोळा झाला की सगळ्यांनाच औषध मिळणार होतं.

धनगराच्या सोजराक्काच्या करडाला पांढरा धागा आला. मागच्या साली तिची सगळी करडं जंतांनी गेली होती. हे एकच उरलेलं.

"कामून पांढरा?"

"चिठ्ठ्या टाकल्या, अक्का. त्यात आला."

"चिठ्ठ्या तर आमचा गुरव बी टाकतोय. मग डॉक्टर कशाला पायजे?"

*

कंपाउंडर बशीरभाईंनी तिच्या करडाला डोस पाजला. तिनं करडाचं तोंड पुसलं आणि बोट चाटलं.

"कडू न्हाई."

"अक्का, दवा अलग अलग रहती."

"व्हय. आमच्या हिरीत बी हीच दवा हाय."

*

पोळ्याच्या आधी त्या करडाच्या जबड्याखाली सूज आली, जंत वाढल्याची खूण. उभं राहीना. सोजराक्का ओसरीवर येऊन बसली.

हे म्हणाले, "आत्ता औषध दिलं तर सगळी तपासणी मोडते. एकाला दिलं की सगळे मागतील."

तिनं मला बोलावून पाटावर बसवलं, कुंकू लावलं, खण-नारळानं ओटी भरली आणि करडू माझ्या मांडीत ठेवलं.

"माहेर लांब हाय पोरीचं. मी हिची मावशी. हे आंदण. आता डॉक्टरच्या घरचं करडू हाय, पाजा पाणी."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी करडाकडे. मग हे आत गेले आणि बाटली घेऊन आले. अक्कानं बोट चाटून बघितलं, तोंड वाकडं केलं आणि उठली.

सकाळी दार उघडलं तर ओसरीवर बाया बसलेल्या. प्रत्येकीच्या एका हातात नारळ, काखेत पांढऱ्या धाग्याचं करडू.

पुढची म्हणाली, "मी धाकटी मावशी."