ओंजळीतली लेक

जयनगरच्या थेरपी सेंटरमध्ये मी माझ्या मुलाला घेऊन जायचे, तेव्हा तिथे एक बाई भेटायची. मूळची बेळगावकडची, नवऱ्याच्या कारखान्यातल्या नोकरीमुळे शहराबाहेर आनेकलला राहणारी. पाच वर्षांच्या लेकीला कडेवर घेऊन बसने यायची. लेक अजून उभी राहत नव्हती, बोलतही नव्हती. बाकावर टेकली की आई आधी डबा उघडायची आणि तूप-साखर लावलेली पोळी कुस्करून तिला भरवायची. प्रत्येक घासानंतर पदराने तिचं तोंड पुसायची.

एकदा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वजन फार वाढलंय हिचं. पाय पेलणार कसे?"

बाहेर आल्यावर ती बाई मला म्हणाली, "अक्का, जन्मली तेव्हा ओंजळीत मावत होती. मला अजून तेवढीच दिसते बघा. आणि वाळली तर लोक म्हणतील, असली पोर म्हणून आईनं उपाशी ठेवली."

अशा पोरांकडे रोखून बघणारे लोक मलाही ठाऊक होते.

पुढच्या आठवड्यापासून मात्र डब्यात भाजी-भाकरी दिसू लागली. गोडासाठी लेक हात आपटून रडायची. आई तिला पोटाशी धरून बसायची, पण हट्ट पुरवायची नाही.

काही महिन्यांनी ती पोर कठड्याला धरून क्षणभर उभी राहिली. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आई धावत गेली, तिचं गुबगुबीत मनगट हातात घेतलं आणि रडत म्हणाली, "किती वाळली हो माझी पोर!"