जावेचा उपास

त्या चार महिन्यांत अंथरुणापासून न्हाणीपर्यंतची पावले मला पाठ झाली होती. दातदुखीवर घेतलेल्या प्रतिजैविकांनी पोटातल्या चांगल्या जंतूंचे पीक कापून नेले आणि त्या मोकळ्या रानात एक दुष्ट जंतू माजला. औषध घेतले की जुलाब थांबत, पंधरवडा सरला की पुन्हा सुरू होत. फोडणीचा वास सोसवेना, बांगड्या मनगटावरून कोपराकडे घसरू लागल्या. वर्षानुवर्षे मी माहूरच्या रेणुकामातेची पूजा कडक सोवळ्यात केली होती. आता उंबऱ्याबाहेर बसून नुसता कापराचा वास घ्यायचा. आईने मला असे अपवित्र करून दूर का लोटले, ही शंका मन कुरतडत राही आणि ती बोलून दाखवायचीही लाज वाटे.

लातूरहून आम्ही नांदेडच्या रुग्णालयात गेलो. तिथल्या डॉक्टरांनी उपाय सांगितला, तेव्हा माझी मान खाली गेली. निरोगी माणसाची विष्ठा तपासून घ्यायची, मिठाच्या पाण्यात कालवून गाळायची आणि दुर्बिणीच्या नळीतून माझ्या आतड्यात सोडायची. त्यातले चांगले जंतू पुन्हा रुजतील, असे ते म्हणाले. आणखी उशीर झाला तर जिवालाच धोका आहे, हेही त्यांनी लपवले नाही. यजमानांना मधुमेह, मुलाने नुकतीच प्रतिजैविके घेतलेली. साऱ्या तपासण्यांत टिकली एकटी सुमन, माझी धाकटी जाऊ. शिरूर अनंतपाळजवळच्या आमच्या शेतावर ती राहते, गोठा तिच्याच हाताखाली. सणावाराला ती घरी आली की पूजेच्या वेळी मी तिला चार हात लांब बसवत असे.

नजर चुकवतच मी तिला विचारले. तिने ऐकून घेतले आणि कमरेवर हात ठेवला.

“आक्का, जलमभर मला लांब हो म्हणलाव, अन् आता थेट पोटात घेऊन राहिलाव व्हय?”

माझे कान तापले. ती मात्र पदरात तोंड खुपसून हसत सुटली. “घ्या, लागंल तेवढं घ्या. रानात तसंबी वायाच जातंय.”

ठरल्या दिवशी माझे आतडे औषधाने धुऊन रिकामे केलेले होते. सुमनचा ताजा नमुना सकाळीच मिळायला हवा होता. आठ वाजले, नऊ वाजले. अखेर ती रिकामा डबा घेऊन माझ्या खाटेशी उभ्या परिचारिकेकडे आली. डोळे लाल, ओठ सुकलेले.

“सिस्टर, न्हाई हो येऊन राहिलं.”

खोदून विचारल्यावर कळले. मला गुण यावा म्हणून तिने रेणुकामातेला उपास बोलला होता. दोन दिवस नुसत्या पाण्यावर होती, फराळाचेही तोंडात घातले नव्हते. परिचारिकेने कपाळावर हात मारला. “अगं बाई, वरून काही गेलंच नाही, तर खालून येणार कुठून?”

डॉक्टर म्हणाले, अकरापर्यंत वाट पाहू, नाहीतर पुढच्या आठवड्यात. माझ्या अंगातले त्राण पाहता पुढचा आठवडा मला महापुरातल्या गोदावरीच्या पैलतीरासारखा दिसत होता. आधी संताप आला. मग तिच्या सुकलेल्या ओठांकडे पाहिले आणि तो विरघळला. देवीपुढे जिला मी कधी जवळ येऊ दिले नाही, ती माझ्यासाठी त्याच देवीपुढे उपाशी उभी होती. आजवर मी सुंदर शब्दांत पुष्कळ प्रार्थना केल्या. त्या सकाळी शब्द एवढेच सुचले: आई, हिचे पोट साफ होऊ दे. इतकी खरी प्रार्थना माझ्या हातून पूर्वी झाली नव्हती.

समोरच्या खाटेवरच्या रुग्णाची म्हातारी बायको सारे ऐकत होती. देगलूरकडची, बोलण्यात तेलुगूचा गोडवा. तिने शिदोरी सोडली. ज्वारीच्या भाकरीचा आणि अंबाडीच्या भाजीचा आंबटसर वास दरवळला.

“खा तल्ली,” लेकीला म्हणावे तशी ती म्हणाली. “लेकराला उपाशी ठेवून आई काय खूश होती काय?”

सुमन अडली. “बोललेला उपास कसा मोडू?”

“माझ्यासाठीच धरलास ना?” मी म्हटले. “मग मीच सोडते.” भाकरीचा तुकडा मोडून पहिला घास मी तिच्या तोंडात घातला. वर म्हातारीने गरम चहा पाजला.

अकराला थोडा अवकाश होता, तेव्हा सुमन लगबगीने आली. “सिस्टर, आलं बघा!” सारा वॉर्ड हसला आणि मी रडले.

मला गुंगीतून जाग आली, तेव्हा समोरची खाट रिकामी होती. म्हातारी नवऱ्याला घेऊन घरी गेली होती. तिचे नावही मी विचारले नव्हते. डॉक्टर म्हणाले, अन्न पोटात गेले की आतडी जागी होतात, यात नवल नाही. मीही नवल म्हणत नाही. ती भाकरी नेमकी त्या घटकेला माझ्या खाटेपाशी आली, एवढे फक्त विसरत नाही.

जुलाब थांबले ते थांबलेच. आठवडाभरात मला चक्क भूक लागली, कढत वरणभाताची भूक. देवीला काहीतरी देत राहणे म्हणजे भक्ती, असे मी समजत होते. निमूट ओंजळ पसरून, मिळेल ते, मिळेल त्या हातून घेणे किती अवघड असते, ते त्या आजाराने शिकवले. आता जेवायला बसले की वाटते, मी एकटी जेवत नाही. आत असंख्य अदृश्य जिवांची पंगत बसली आहे, सुमनच्या माहेरासासरची, रानामातीतली. त्यांच्यासाठी मी पहिला घास सावकाश, नीट चावून घेते.