डब्याच्या वेळेपुरतं

आपण सगळे एक कुटुंब आहोत, अशी निशाच्या कंपनीची ठाम समजूत होती. पुण्यातलं ऑफिस कोरोनात बंद झालं ते पुन्हा उघडलंच नाही; माणसं चहूकडे पांगली. मग मॅनेजर मोनिका मॅडमनी पद्धत पाडली, दुपारी सगळ्यांनी कॅमेऱ्यापुढं बसून एकत्र डबा खायचा. घरात असूनही डबाच भरायचा, ताट चालायचं नाही. लोक आधी हसले, मग कंटाळले. कुणाचा कॅमेरा बिघडायचा, कुणाचं नेट नेमकं जेवतानाच जायचं.

निशाचं कधीच गेलं नाही. छावणी भागातल्या आपल्या दोन खोल्यांत ती सगळ्यांच्या आधी डबा उघडायची आणि सगळ्यांच्या शेवटी झाकण लावायची. आपलेपणा निशाकडून शिका, असं मॅडम कौतुकानं सांगायच्या. त्या बाईला काय ठाऊक! निशाचा नवरा राजेंद्र वाळूजच्या कारखान्यात रात्रपाळी करायचा आणि दिवसा घरी असायचा. मीठ कमी पडलं, तिला फोन आला, ती गप्प बसली, कशावरूनही त्याचा हात उठायचा. एकदा तर तापलेला तवा दंडाला लावला होता. फक्त कॅमेऱ्यापुढं तो भला माणूस व्हायचा. चार लोकांत अब्रू जायची त्याला भारी भीती. तेवढ्या वेळात निशाच्या घशाखाली घास उतरायचा.

त्या दिवशी मॅडमनी जाहीर केलं, उद्यापासून डबा बंद. ज्यानं त्यानं आपल्या सोयीनं जेवावं. पडद्यावर टाळ्या पडल्या. दारात उभ्या राजेंद्रनंही ते ऐकलं आणि तो हसला. ते हसू निशानं पाहिलं. तिनं माइक चालू केला.

"मॅडम, डबा बंद नका करू," ती म्हणाली. "हे चालू असलं की माझा नवरा मला मारत नाय."

राजेंद्र धावून आला. केस धरून त्यानं तिचं तोंड टेबलावर आपटलं, पुन्हा आपटलं. वरणात रक्त सांडलं. मग त्यानं लॅपटॉप मिटायला घेतला तशी निशानं मधे हात घातला. त्यानं कोपरानं जोर दिला. बोटं चिरडली, नख उपटलं, पण तिनं हात काढला नाही. हे मिटलं की आपण संपलो, एवढंच तिला कळत होतं. फटीतून सगळं ऑफिस ओरडत होतं. ती ओरड ऐकून शेजारी दार मोडून आत घुसले आणि त्यांनी राजेंद्रला खाली पाडून धरलं.

पोलीस आले, त्यांच्या मागोमाग धापा टाकत एक मुलगी आली. ती त्याच शहरातल्या शहागंजची सायली, निशाच्याच कंपनीतली. दिवाळीचा फराळ घरोघर पाठवायचं काम तिच्याकडं होतं, म्हणून पत्ता तिला ठाऊक. दोघी पडद्याबाहेर कधी भेटल्या नव्हत्या.

सायलीनं निशाचा चांगला हात धरला. "चल, आधी दवाखाना," ती म्हणाली, "मग माझ्याकडं जेवायचं."

तिचा स्वतःचा उजवा हात अजून खरकटा होता.